मोरोपंत पिंगळे : गड उभारणारा पेशवा

गेल्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या मुलांनी प्रतापगड केला होता. तलमडुगूकडची काळी माती किल्ल्याच्या कामाला तशी नाठाळच. ओली असताना लोण्यासारखी वळते आणि दोन दिवस ऊन लागले की तटात बोट जाईल एवढी भेग पडते. पोरांनी तिच्यात भुसा कालवला, शेण कालवले, शेवटी कुणाच्या तरी घराच्या बांधकामावरची वाळू आणली आणि किल्ला कसाबसा उभा राहिला. तो बघायला आम्ही वडीलधारी मंडळी जमलो असताना एका सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारले की खरा किल्ला कुणी बांधला. आम्ही चौघांनी एका सुरात शिवाजी महाराजांचे नाव घेतले. त्यावर त्याने विचारले की महाराज स्वतः दगड उचलायचे का. यावर मात्र आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. त्या मुलाला द्यायचे उत्तर जरा उशिराने इथे लिहीत आहे.

गणेशोत्सवाच्या अंकात हे उत्तर शोभण्याचे आणखी एक कारण आहे. प्रतापगड ज्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला ते मोरो त्रिंबक पिंगळे. मोरो म्हणजे मोरेश्वर, म्हणजे मोरगावचा आपला गणपतीच. गजाननाच्या नावाचा हा माणूस पुढे स्वराज्याचा पेशवा झाला. पण पेशवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा आणि घोड्यावरचा बाजीराव येतो. त्याच्या कितीतरी आधी एक पेशवा डोंगरावर चुन्याच्या घाण्या लावून बसला होता, हे आपण विसरून गेलो आहोत.

पिंगळे घराणे मूळ निमगावचे. मोरोपंतांचा जन्म १६२० च्या सुमारास झाला. वडील त्रिंबकपंत हे शहाजीराजांच्या चाकरीत कर्नाटकात होते, त्यामुळे मोरोपंतांचेही तरुणपण काही काळ तिकडे गेले. मग ते पुण्याकडे शिवाजीराजांच्या पदरी आले. मोरोपंत राजांपेक्षा वयाने बरेच मोठे. त्या वेळी राजांजवळ चार-दोन किल्ले, मावळातली काही माणसे आणि हिंमत एवढेच भांडवल होते. जम बसलेल्या दरबारात लेखणी चालवून सुखाने जगता आले असते, तरी हा माणूस अशा नव्या कारभाराकडे आला, हे ध्यानात घ्यायला हवे.

१६५६ च्या जानेवारीत जावळी घेतली गेली. जावळीचे खोरे म्हणजे दिवसा अंधार वाटावा असे रान. त्यातून कोकण आणि देश यांना जोडणारा पार घाट जातो. घाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती महाडकडचा व्यापार आणि वाईकडची वाट. मोऱ्यांचा पाडाव झाला, पण नुसते रान ताब्यात येऊन भागत नाही, त्यावर नजर ठेवायला डोळा लागतो. राजांनी पार घाटाच्या माथ्यावरचा भोरप्या नावाचा डोंगर निवडला आणि तिथे गड उभा करण्याचे काम मोरोपंतांकडे सोपवले.

भोरप्याची उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. शेजारीच महाबळेश्वर. तिथला पाऊस आपल्या आदिलाबादकडच्या पावसाच्या चार-पाच पट पडतो. जून ते सप्टेंबर त्या डोंगरावर चुना वाळत नाही, माणूस उभा राहत नाही, वाटा ओढ्यासारख्या वाहतात. आणि गड १६५८ पर्यंत उभा राहिला! पावसाळे वगळून हिशेब केला तर मोरोपंतांना कामाच्या दोन उघाडी मिळाल्या, फार तर थोडे अधिक. तेवढ्यात त्यांनी वर बालेकिल्ला, खाली सोंडेवर दुसरा तट, दहा-बारा मीटर उंचीचे बुरूज, पाण्याची तळी आणि वळणात लपवलेला दरवाजा असे सगळे पुरे केले. प्रतापगडाचा दरवाजा खालून येणाऱ्याला अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आल्या-गेल्यावर वरून दगड टाकता येतो, पण खालच्याला हत्ती धावत आणून दाराला धडक द्यायला जागाच नाही.

आता मोरोपंत काही पाथरवट नव्हते. टाकीचा घाव त्यांनी घातला नसेल, पण घाव घालणाऱ्याच्या पोटाची सोय त्यांनाच करायची होती. आपल्यापैकी ज्यांच्या घरात कुणी रस्त्याचे किंवा मोरीचे गुत्ते घेतले असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. काम दगडाने कधी अडत नाही. ते अडते शनिवारी पगार झाला नाही म्हणून, धान्य संपले म्हणून, किंवा चुना आला आणि पाणी आले नाही म्हणून. भोरप्यावर दगड डोंगरातूनच निघे, आणि त्या काळच्या रीतीने जिथून दगड काढला तिथेच पाण्याचे टाके होई. पण चुन्याची कळी, लोखंड, लाकूड, दोर, धान्य हे सारे घाट चढून वर आणायचे. कळी विरवायची, घाणीला बैल जुंपून चुना मळायचा, तो मुरू द्यायचा. मुरण्याआधी वापरला तर दोन पावसांत तट ढासळतो. घाई आणि मुरवण यांचा मेळ घालणे हीच खरी कारभाऱ्याची परीक्षा. साडेतीनशेहून अधिक पावसाळे सोसून तो तट आज उभा आहे, यावरून पंत त्या परीक्षेत कसे उतरले ते दिसते.

जगाच्या इतिहासात याची उत्तम उदाहरणे रोमन सैन्यात सापडतात. रोमचा शिपाई तलवारीइतकीच कुदळ वापरे. मुक्कामाच्या जागी पोचल्यावर, जेवणाआधी, छावणीभोवती खंदक खणायचा आणि मेढेकोट उभारायचा अशी त्यांची शिस्त. इ.स.पू. ५५ मध्ये ज्युलियस सीझरने ऱ्हाइन नदीवर लाकडी पूल दहा दिवसांत पुरा केला, फौज पार नेली, अठरा दिवसांनी परत आणली आणि पूल स्वतःच मोडून टाकला. पुढे दीडशे वर्षांनी ट्राजन बादशहासाठी अपोलोडोरस नावाच्या वास्तुविशारदाने डॅन्यूबवर दगडी खांबांचा किलोमीटरभराहून लांब पूल बांधला. ही कामे जगाला माहीत आहेत, कारण सीझरने आपल्या मोहिमांचा वृत्तांत स्वतः लिहिला आणि ट्राजनने आपल्या विजयांचा कोरीव स्तंभ रोममध्ये उभा केला. आपल्या पंतांनी असे आत्मवृत्त लिहिले नाही. त्यांचा स्तंभ म्हणजे भोरप्याचा डोंगर.

पुलाचा विषय निघालाच आहे तर, प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावी कोयनेवर कमानींचा एक दगडी पूल आहे. त्याला शिवकालीन पूल म्हणूनच ओळखतात. गड आणि पूल ही जोडी एकत्र पाहिली म्हणजे समजते की जावळीत नुसता पहारा बसवला नव्हता, वाटही बांधली होती. दरी अडवून धरायची आणि तीच दरी आपल्या माणसांसाठी मोकळीही ठेवायची, असा तो बेत होता.

गड पुरा होऊन दीड वर्षही झाले नाही तोच त्याची कसोटी लागली. अफझलखान वाईहून जावळीत उतरला आणि त्याच्या फौजेचा तळ पारच्या बाजूला पडला. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या दिवशी गडाच्या पायथ्याशी भेटीच्या शामियान्यात काय घडले ते प्रत्येक मराठी घराला पाठ आहे. पण पुढचा अर्धा भाग कमी सांगितला जातो. गडावरून तोफेचा इशारा झाला आणि पारच्या रानात दडवलेले पायदळ खानाच्या तळावर तुटून पडले. त्या पायदळाचे नेतृत्व मोरोपंतांकडे होते. त्यांना त्या रानातली वाट न् वाट ठाऊक असणार, दोन वर्षे त्याच वाटांनी त्यांनी चुना आणि धान्य वर चढवले होते. कारकून म्हणून आलेला माणूस त्या दिवशी सेनानी झाला.

लवकरच पेशवेपद मोरोपंतांकडे आले. इथून त्यांच्या आयुष्यात गड आणि मोहिमा यांची सरमिसळ आहे, आणि सगळी जंत्री देत बसलो तर अंक पुरणार नाही. दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगतो.

१६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले तेव्हा मागे जिजाऊसाहेबांच्या हाताखाली राज्य सांभाळणाऱ्यांत मोरोपंत होते. महाराज कैदेत पडल्याच्या बातम्या येत होत्या, तरी एक गड हलला नाही, एक ठाणे फुटले नाही. आग्र्याहून सुटल्यावर महाराजांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेत ज्या घरी ठेवले, ते घर मोरोपंतांच्या मेहुण्यांचे होते. कृष्णाजी, काशी आणि विसाजी या भावांनी परमुलुखात, बादशहाच्या हेरांच्या नाकाखाली, ते मूल सांभाळले आणि पुढे सुखरूप दक्षिणेत आणून पोचवले. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

१६७० च्या हिवाळ्यात महाराज वऱ्हाडात कारंज्यापर्यंत आले. आपल्या भागाच्या सर्वांत जवळ ते त्या वेळी आले असावेत. पेनगंगेपलीकडे कारंजे काही फार लांब नाही. त्याच सुमारास मोरोपंत पश्चिम खानदेश आणि बागलाण तुडवत होते, आणि दोन्ही फौजा साल्हेरजवळ एकत्र आल्या. १६७१ च्या आरंभी साल्हेर घेतला. वर्षभराने मोगलांनी त्याला वेढा घातला, तेव्हा मोरोपंत कोकणातून आणि सरनोबत प्रतापराव गुजर वरच्या बाजूने चालून गेले. फेब्रुवारी १६७२ मध्ये साल्हेरच्या पायथ्याशी उघड्या मैदानात मोगलांचा मोड झाला आणि त्यांचे नामांकित सरदार कैद झाले. त्याच वर्षी मोरोपंतांनी जव्हार आणि रामनगर घेऊन सुरतेच्या वाटेवर पाय रोवला.

याच काळातला एक जाबता इतिहासकारांना सापडला आहे. १६७१-७२ सालासाठी गडांच्या बांधकामाला एकंदर १ लाख ७५ हजार होन नेमून दिल्याचा तो हिशेब. त्यात एकट्या रायगडाला ५० हजार, आणि प्रतापगडालाही १० हजार. म्हणजे गड एकदा बांधून संपत नसे. दर पावसाळ्यानंतर तट पाहायचे, निसटलेला दगड बसवायचा, तळ्यांचा गाळ काढायचा. मला स्वतःला लढायांच्या वर्णनांपेक्षा हा कोरडा कागद जास्त बोलका वाटतो. राज्य मोहिमेवर असतानाही दुरुस्तीचा पैसा बाजूला काढून ठेवलेला आहे! रायगडाचे बांधकाम हिरोजी इंदुलकरांचे. त्यांनी जगदीश्वराच्या पायरीवर आपले नाव कोरले, म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. बाकीच्या शेकडो मिस्त्र्यांची, बेलदारांची, पाथरवटांची नावे त्या १ लाख ७५ हजार होनांत विरघळून गेली.

६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा मुख्य प्रधान म्हणून मोरोपंत सिंहासनाच्या पूर्वेला तुपाने भरलेला सोन्याचा कलश घेऊन उभे होते. वार्षिक तनखा १५ हजार होन, अष्टप्रधानांत सर्वांत मोठा. इथेच चरित्र थांबवले असते तर फार देखणे झाले असते.

पण पुढे जंजिरा आहे. मुरुडच्या समुद्रातला सिद्दीचा जंजिरा महाराजांना जन्मभर सलत राहिला. त्याच्यासमोरच्या कासा बेटावर त्यांनी पद्मदुर्ग उभा केला. त्या किल्ल्याचे एक आश्चर्य जाणारा प्रत्येकजण सांगतो. लाटांच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, पण दगडांमधला चुना तसाच उभा आहे, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. त्या कामाला रसद पोचवण्यात प्रभावळीच्या सुभेदाराने दिरंगाई केली, तेव्हा महाराजांनी त्याला असे खरमरीत पत्र लिहिले की वाचताना आजही कान गरम होतात. दिरंगाई हा गुन्हा आहे, मग करणारा कुणीही असो, हा त्याचा मथितार्थ.

आणि त्याच जंजिऱ्यावर दिरंगाईचा ठपका खुद्द पेशव्यांवर आला. १६७६ मध्ये मोरोपंत दहा हजार फौज घेऊन मोहिमेवर गेले. पाण्यावर तरते मोर्चे बांधून तोफा चढवल्या. या वेढ्याच्या दिवसांतली म्हणून एक कथा परंपरेने चालत आली आहे. पद्मदुर्गाकडच्या कोळ्यांचा नाईक लाय पाटील याने जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावून देण्याचे कबूल केले. मागोमाग पेशव्यांच्या माणसांनी यायचे आणि वर चढायचे असे ठरले. लाय पाटील अंधारात होड्या वल्हवत गेला, सिद्दीच्या पहाऱ्याखाली त्याने शिड्या उभ्या केल्या आणि वाट पाहत राहिला. माणसे आली नाहीत. पूर्व उजळू लागली तेव्हा त्याने आपल्या हातांनी लावलेल्या शिड्या काढल्या आणि परत फिरला. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. कोळ्याला पालखी काय करायची म्हणून त्याने तो घेतला नाही, तेव्हा त्याला पालखी नावाचे गलबत दिले, असे सांगतात. त्या रात्री पेशव्यांच्या माणसांना उशीर का झाला, भरती-ओहोटी आडवी आली की होड्यांचा मेळ जमला नाही, याचा खुलासा कथेत नाही. भोरप्यावर दोन उघाडीत गड पुरा करणाऱ्या माणसाच्या वाट्याला एका रात्रीचा उशीर आला. पुढे सिद्दीच्या आरमाराने तरते मोर्चे उधळले आणि वर्ष संपता संपता वेढा उठवावा लागला. जंजिरा कधीच हाती आला नाही.

महाराज १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाला निघाले तेव्हा मागचे राज्य पुन्हा मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो यांच्यावर सोपवून गेले. म्हणजे जंजिऱ्याने विश्वास तुटला नव्हता. पण या दोघा प्रधानांचे एकमेकांशी पटत नव्हते, आणि घरातल्या दोन कर्त्या माणसांचे पटेनासे झाले की काय होते ते आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेले असते.

एप्रिल १६८० मध्ये महाराज गेले. संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. अण्णाजींनी पुढाकार घेतला, रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवले, आणि जन्मभर एकमेकांशी न पटलेले हे दोघे एका गोष्टीवर एक झाले. संभाजीराजांना धरायला ते पन्हाळ्याकडे निघाले. मथुरेच्या घरात पंतांच्या सोयऱ्यांनी जिवापाड जपलेले मूल, आणि चौदा वर्षांनी त्यालाच कैद करायला निघालेले पंत. पंतांच्या बाजूने बोलायचे तर त्यांनी राज्य बुडवायला हे केले नव्हते. त्यांच्या समजुतीने ते राज्याची घडीच राखत होते. तरीही ती चूक होती, मोठी चूक, आणि ती झाकून पंतांचे चरित्र सांगणे मला बरोबर वाटत नाही. सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी वाटेतच दोघांना पकडून संभाजीराजांपुढे उभे केले. हंबीरराव तर राजारामांचे सख्खे मामा. त्यांना जे दिसले ते पेशव्यांना दिसले नाही.

पंत कैदेत पडले. संभाजीराजांनी नंतर त्यांना सोडले. अण्णाजी पुन्हा कटात सापडले आणि प्राणाला मुकले. पंत तसे गेले नाहीत, पण त्यानंतर ते फार जगलेही नाहीत. संभाजी महाराजांनी वडिलांचा राग मुलावर काढला नाही. पेशवेपद पंतांचा मुलगा निळकंठ मोरेश्वर यांना मिळाले. निळोपंतांनी ते राजाराम महाराजांच्या काळातही, जिंजीच्या वेढ्याच्या दिवसांतही सांभाळले. धाकटे बहिरोपंत शाहू महाराजांचे पेशवे झाले. १७१३ मध्ये ते कान्होजी आंग्र्यांवर चालून गेले आणि कान्होजींच्याच कैदेत पडले. मग आंग्र्यांना वळवायला बाळाजी विश्वनाथ भटांना पाठवायचे ठरले आणि त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. पिंगळ्यांच्या घरातून पेशवाई गेली ती परत आली नाही. नंतर जे पेशवे झाले त्यांची नावे आपल्याला घडाघडा येतात.

तर आमच्या गल्लीतल्या त्या मुलासाठी. महाराजांनी डोंगर निवडला, मोरोपंतांनी काम पुरे केले, आणि दगड ज्यांनी उचलले त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जाताना डोंगरावरचा तट आपण कित्येकदा पाहतो आणि पुढे जातो. पुढच्या वेळी तिथे जरा थांबून दोन दगडांमधला चुना बोटाने चाचपून बघ. आणि आदिलाबादहून मुंबईची गाडी धरून कधी सातारा-महाबळेश्वराकडे जाणे झाले, तर प्रतापगड पाहून झाल्यावर खाली पारच्या पुलावर जा. गडाचा दरवाजा मावळतीला बंद होतो, म्हणून गड आधी आणि पूल नंतर. यंदाच्या दिवाळीत मातीचा किल्ला करशील तेव्हा खालच्या ओढ्यावर त्या पुलाचीही एक कमान कर. वाळू मी देईन.